ढलप्यांचा हौद

चंद्रा हौदात पडली तेव्हा तिच्या हातातला दांडा उडून माझ्या पायावर आपटला. मी तिला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि वर पाहिलं तर फळी रिकामी. हौदावर ढलप्यांचा जाड थर तरंगत होता, तो मध्येच फाटला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो पुन्हा मिटला. खाली कुणी आहे असं वाटलंही नसतं.

मग हात वर आला. मग डोकं. तोंड उघडं, डोळे उघडे. ती ओरडली, पण त्यात शब्द नव्हते.

हौद गळ्याइतका खोल. पण तळाला भिजलेल्या ढलप्या बसलेल्या, त्यावर पाय ठरत नसे. ती उभी राहायची आणि पुन्हा आत जायची. मी दांडा पुढे केला. तिला तो दिसत नव्हता. दगडू मुकादम, म्हणजे तिचा बाप, चुन्याच्या टाकीकडून पळत आला आणि काठावर पालथा पडला. "चंद्रे, हिकडं! हात दे, बाय, हिकडं!" त्याचा हात पुरत नव्हता.

आम्ही सगळे काठावर होतो. आत उतरला तो भिवा. डोक्यावरचं लाकूड टाकून तो आला आणि थांबलासुद्धा नाही. छातीपर्यंत त्या पाण्यात गेला, चंद्राला काखेत धरून उचललं आणि बापाच्या हातात दिलं. मग स्वतः वर चढला. त्याला वर घ्यायला कुणी हात दिला नाही. भिवा महारवाड्यातला होता.

हे घडलं राजूरच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत. आता तिथं पडक्या भिंतीही नाहीत. दिवाळीच्या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं मला सांगितलं. मी चौथी पास. बाप काष्टीला शाळेत शिपाई होता म्हणून तेवढी तरी झाले. ज्यांना फराळाबरोबर गोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

लढाईत बाहेरचा कागद यायचा बंद झाला. वाण्याला पुडी बांधायला कागद मिळेना. तेव्हा एका शेठनं डोंगरातल्या लाकडाचा कागद करायची गिरणी काढली. कागद म्हणायचं इतकंच. तपकिरी, खरखरीत, उजेडाला धरला की आत काड्या दिसायच्या. निम्मा माल पुठ्ठा होऊन लष्कराच्या खोक्यांना जायचा. शाळेतले एक मास्तर एकदा ताव घेऊन भांडायला आले. "अहो, यावर एक अक्षर काढलं तर पलीकडच्या बाजूला उमटतं. मुलांनी लिहायचं कसं?"

दगडू म्हणाला, "मंग बरंच की, गुर्जी. एका बाजूनं लिवा, दोन्ही बाजूंनी वाचा."

मास्तर हसले आणि गठ्ठा घेऊन गेले. दुसरा कागद होता कुठं?

माझा नवरा बॉयलरवर जाळ घालायला होता आणि मी हौदावर. हौदाचं काम काय ते सांगते, कारण ते आता कुणाला माहीत नसेल. डोंगरातून सालईचं, पांगाऱ्याचं, ऐनाचं लाकूड यायचं. त्याची साल काढून बोटाएवढ्या ढलप्या पाडायच्या. या ढलप्या मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे बॉयलरात, वाफेवर शिजवल्या की लगदा होतो आणि लगद्याचा कागद होतो. सालई मऊ, ती शिजते. पण ऐनासारखं टणक लाकूड तसंच शिजायला घातलं तर बाहेरून लापशी आणि आत लाकूड जसंच्या तसं. कडवे वाल न भिजवता चुलीवर ठेवून बघा, म्हणजे कळेल. म्हणून ढलप्या आधी भिजवायच्या. साध्या पाण्यात नाही, खारात.

खार असा व्हायचा. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवायचा आणि त्यात कळीचा चुना टाकायचा. कळीचा चुना म्हणजे भट्टीतून भाजून निघालेला, पाणी न लागलेला. त्याला पाणी लागलं की तो तापतो, फुटतो, खदखदतो. टाकीत तो पडला की थेंब उडून भिंतीचा गिलावा निघायचा. मग तो विरून शांत व्हायचा. गाळ खाली बसायचा आणि वरची निवळ आमच्या हौदात सोडायची. तोच खार. दिसायला साधं पाणी. बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागायचं. ते आपलंच कातडं विरत असतं म्हणून बुळबुळीत लागतं, हे मला पुढं कळलं.

चुन्यातलं कळतं म्हणून शेठनं दगडूला मुकादम केलं होतं. तो खर्ड्याच्या बाजूचा लोणारी, बापजाद्यांच्या चुन्याच्या भट्ट्या. उंच, हडकुळा, भुवयांत कायम पांढरी भुकटी. माणूस चांगला. बायकांवर कधी खेकसला नाही. हातापायांना करंजाचं तेल चोपडल्याशिवाय तो कुणाला हौदावर येऊ देत नसे. "माज्याकडं बगत काय उभी? तेल लाव आदी. हात गेल्यावर भाकरी काय पायानं थापशील?"

आणि त्याचा दुसरा नियम असा, की अंगावर खार उडाला तर तेलच लावायचं, पाण्याचा थेंब लावायचा नाही. लहानपणी त्याच्या बापाची चुन्याची गाडी ओढ्यात उलटली होती. जू न सुटलेला बैल चुन्याखाली सापडला आणि वरून पाणी. दगडू ते सांगायचा तेव्हा आमचे घास हातात राहायचे. "उकडून मेला बैल. पान्यात! माज्या डोळ्यांनी बगितलंय."

रसायनाचं बघायला पुण्याचे जोशीसाहेब होते. वय लहान, बोलणं हळू. त्यांनी बरोबर उलटं सांगितलं होतं. "अंगावर खार पडला तर पाणी ओता. भरपूर ओता, थांबू नका. कपडे काढा आणि ओतत राहा." त्यासाठी त्यांनी खाराच्या हौदाशेजारी साध्या पाण्याचा लहान हौद बांधून घेतला, ओढ्यातून पाट काढून त्यात पाणी आणलं.

दगडू त्यांच्यासमोर म्हणायचा, "व्हय, सायेब." त्यांची पाठ फिरली की म्हणायचा, "सायबानं पुस्तक वाचलंय. मी बैल बगितलाय."

आम्ही बैलावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? पाणी आणि चुना एकत्र आले की काय होतं ते टाकीत रोज दिसत होतं. बारीक थेंब उडायचे, आम्ही तेल लावायचो, फोड यायचा, चिघळायचा, कधीतरी बरा व्हायचा. तो तसाच बरा होतो असं आम्हाला वाटायचं. साहेबांनी हौद कशासाठी बांधला ते सगळे विसरले. पाणी थंड आणि निर्मळ होतं, आम्ही ते प्यायला लागलो. आणि ते प्यायचं पाणी झाल्यावर भिवाला तिकडं यायची बंदी झाली. डोंगरातून आणलेलं लाकूड त्यानं लांब राशीशी टाकायचं आणि तहान लागली तर खाली ओढ्यावर जायचं.

चंद्रा दगडूची एकुलती. नवरा फौजेत भरती होऊन लढाईवर गेलेला. सासूशी पटेना म्हणून ती बापाकडे येऊन राहिली होती आणि माझ्या जोडीला हौदावर काम करत होती. तोंडानं फटकळ. आमची जोडी का जमली ते कळलंच असेल.

ढलपी भिजून भरली की नाही हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. लाकडात हवा असते, म्हणून कोरडी ढलपी तरंगते. आम्ही ढलप्या आधी वाफेच्या खड्ड्यात चांगल्या तापवायचो. त्यानं आतली हवा निघून जाते. मग गरम गरम हौदात टाकल्या की निवताना त्या खार आत ओढतात आणि जड होऊन बुडतात. बुडलेली एखादी काढून कोयत्यानं उभी चिरायची. खारानं लाकूड काळपट पडतं, तो रंग आतपर्यंत गेला असेल तर झाली. मध्ये पांढरी रेघ राहिली तर कच्ची, पुन्हा हौदात. माझ्या हातून कच्ची ढलपी बॉयलरला गेली नाही. तेवढी एक गोष्ट मी अजून मान वर करून सांगते.

चंद्रा मला म्हणायची, "वैनी, दादांनी काय केलंय म्हून ढलपीवर राग काढतीस?"

"तुझा नवरा येऊ दे, मग तुला विचारीन."

जी ढलपी बुडायलाच तयार नसे तिला चंद्रानं सासूचं नाव दिलं होतं. दांड्यानं खाली दाबायची आणि म्हणायची, "बग, बग, कितीबी दाबली तरी वर येतीच. हिच्या पोटात नुसती हवा हाय."

दगडू लांबून ओरडायचा, "चंद्रे, तोंड आवर. जायचंय तुला परत तितं."

"तुमी जावा, आबा. तुमचं आन तिचं चांगलं जमंल."

त्या पावसाळ्यात जळण कमी पडलं. जोशीसाहेब सोडा मिळवायला मुंबईला गेले होते. शेठ आले, वाफेचा खड्डा बघितला आणि म्हणाले, "इथंही जाळ, तिथंही जाळ. शेवटी सगळं बॉयलरात शिजतंच ना? हा खड्डा बंद करा."

दगडू म्हणाला, "ढलपी बुडनार न्हाई, शेठ. सायबाला येऊंद्या."

"बुडत नसेल तर दाबून बुडवा. इतकी माणसं कशाला ठेवलीत?"

खड्डा विझला. आम्ही कोरड्या, गार ढलप्या हौदात टाकायला लागलो. त्या बुडेनात. सगळ्या हौदावर त्यांचा जाड थर झाला, चटईसारखा. आधी आम्ही काठावर उभ्या राहून दांड्यानं हलवलं तरी भागायचं. आता मधल्या ढलप्यांपर्यंत दांडा पोचेना. म्हणून हौदावर आडवी फळी टाकली आणि तिच्यावर उभं राहून दाबायला लागलो. फळीवर खार उडायचा. खार लागलेलं लाकूड शेवाळापेक्षा निसरडं होतं. पायाला तेल लावलेलं होतंच. एकदा मी, एकदा चंद्रा अशा आम्ही फळीवर जायचो. तेव्हा तिची पाळी होती. "मर की गं सासू," असं म्हणून तिनं सगळा भार दांड्यावर टाकला आणि पाय सटकला.

पुढचं वर सांगितलंच आहे. भिवानं तिला वर दिली. माझा नवरा आवाज ऐकून बॉयलरकडून पळत आला. बॉयलरवरचा माणूस, भाजलं की पाणी एवढंच त्याला ठाऊक. त्यानं लहान हौदातून बादली भरली आणि चंद्रावर ओतायला उचलली. दगडूनं ती बादली त्याच्या हातातून उडवली.

"पानी न्हाई! पानी न्हाई! उकळंल पोरगी माजी!"

त्यानं तेलाचा डबा आणला आणि सगळा तिच्या अंगावर रिकामा केला. तोंडावर, छातीवर, हातांवर. दोन्ही डोळे बोटांनी उघडून त्यातही तेल घातलं. एक जागा सोडली नाही त्यानं. भोवती गडीमाणसं उभी, म्हणून तिचं लुगडं कुणी सोडलं नाही. ओल्या लुगड्यावरच घोंगडी पांघरली. नऊवारी लुगडं किती पाणी धरून ठेवतं ते बायकांना सांगायला नको. तो सगळा खार घोंगडीखाली तिच्या अंगाला लागून राहिला.

तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिच्या केसांतला खार माझ्या लुगड्यातून मांडीला लागला, तो डाग अजून आहे.

ती म्हणाली, "आबा, आग व्हतीया. पानी घाला की."

"न्हाई, बाय. जरा सोस. तेल लावलंय न्हवं, आत्ता गार वाटंल."

"पानी घाला, आबा."

"सोस, माजी बाय."

लहान हौद हाताच्या अंतरावर होता. पाटाचं पाणी त्यात पडत होतं, त्याचा आवाज येत होता.

भिवा कुठं गेला हे कुणी बघितलं नाही. मी एवढंच बघितलं, की वर आल्यावर तो त्या लहान हौदाकडे निघाला आणि आमच्यातलंच कुणीतरी, सवयीनं, ओरडलं, "ए, तिकडं न्हाई!" तो वळला आणि उतारावरून खाली पळत सुटला.

चंद्राला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं घोंगडी काढली, लुगडं कापून काढलं. लुगड्याबरोबर काय काय निघालं ते लिहीत नाही. डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे झाले होते. तेल कुणी लावलं असं डॉक्टरनं विचारलं. दगडू म्हणाला, "मी. चांगलं लावलं, सगळीकडं." डॉक्टरनं बायकांना बाहेर काढलं आणि मग बराच वेळ आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

पुढचे दिवस मी दवाखान्यात तिच्याजवळ होते. ती शुद्धीवर असायची, हे वाईट. मला म्हणाली, "वैनी, दिवा लाव की." बाहेर लख्ख ऊन होतं. मी सांगितलं, तेल नाही दिव्यात. त्यावर ती म्हणाली, "असंल कसं? आबांनी सगळं माज्यावर वतलं." ते म्हणताना ती हसत होती, हे मला नक्की आठवतं. मग ताप चढला आणि ती गेली.

जोशीसाहेब मुंबईहून आले ते सरळ हौदावर. हौद तसाच होता, ढलप्या तशाच तरंगत होत्या. साहेब काठावर बसले. दगडू समोर उभा. मी, माझा नवरा आणि भिवा राशीपाशी होतो. भिवा कामावर परत आला होता. छाती आणि पाय सोललेले, चालताना पाय फाकवत होता, पण चालत होता आणि त्याचे डोळे शाबूत होते.

साहेबांनी आधी त्यालाच विचारलं. "तू काय केलंस?"

"काय न्हाई, सायेब. वढ्यात बसलो."

"किती वेळ?"

"आग थांबंस्तवर. कापडं सोडून दिली आन बसलो. दिवस कलला तरी बसलो हुतो."

"तेल नाही लावलं?"

"मला कोन लावनार तेल?" भिवा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. विचारलं ते त्यानं सांगितलं.

दगडू त्याच्याकडे बघत राहिला. मग साहेबांकडे वळला. "पर सायेब, पान्यानं उकळतं ना? टाकीत तुमी बी बगता की रोज."

साहेब हळूच म्हणाले, "टाकीत कळीचा चुना असतो, दगडू. तो पाण्यात विरताना तापतो. एकदा विरलेल्या चुन्यावर पुन्हा पाणी ओतलं तर तो तापतो का?"

हे सांगायला साहेब कशाला हवे होते? दगडूनं जन्मभर चुना विरवला होता. विरलेल्या चुन्यात पाणी घालून घरं सारवली होती. भिंतीवर फिरवायचा चुना पातळ करताना कुणाचा हात भाजला होता? हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. फक्त हौदातला खार म्हणजे विरून झालेलं पाणी, त्याची उकळी टाकीतच होऊन गेलेली, हा एक दुवा कुणी जोडला नव्हता. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं तो बैल होता.

दगडू म्हणाला, "म्हंजे हौदातलं आदीच विरलेलं हुतं."

"हो."

"आन पानी हितंच हुतं."

साहेब म्हणाले, "मी नुसतं सांगितलं. दाखवायला हवं होतं." पुढे कधीतरी ते नोकरी सोडून गेले. शेठनं वाफेचा खड्डा पुन्हा पेटवला. त्यापलीकडे शेठनं काही केलं नाही आणि त्यांना कुणी काही विचारलंही नाही.

दगडू मुकादम राहिला. मला वाटलं होतं तो खर्ड्याला निघून जाईल. त्यानं लहान हौदाचं पाणी प्यायची सगळ्यांना मनाई केली, प्यायचं ते पाटाच्या धारेचं. शिवाय एक नवीच पद्धत घातली. कुणी नवं माणूस कामाला आलं की त्याला हौदापाशी उभं करायचा, स्वतःचा डावा हात कोपरापर्यंत खारात घालायचा, वर काढायचा आणि सगळ्यांदेखत साध्या पाण्यात धरायचा. "बगा. उकळतंय का? न्हाई ना? बगा नीट." समोरचा "व्हय, बगितलं" म्हणेपर्यंत हात पाण्यातून काढायचा नाही. किती वेळा केलं कुणास ठाऊक. त्या हातावर पुढं केस राहिले नाहीत, कातडी तकतकीत झाली. माझा नवरा त्याला एकदा म्हणाला, "दगडूदादा, तोंडानं सांगितलं तरी कळतंय."

"तोंडानं सायबानं सांगितलं हुतं," दगडू म्हणाला.

भिवाला त्यानं एकदा हाक मारली. पाटाच्या धारेखाली तांब्या भरून स्वतः त्याच्यापुढे धरला. "घे. हितं येऊन पीत जा आजपासून. मी सांगतो समद्यास्नी."

भिवानं तांब्याकडे बघितलं. "नगं, मुकादम. माजा वढा हाय," म्हणाला आणि लाकूड टाकून खाली गेला. दगडू तांब्या धरून उभा राहिला, मग ते पाणी त्यानं जमिनीवर ओतलं.

लढाई संपली, चांगला कागद यायला लागला आणि आमचा कागद वाणीसुद्धा घेईना. गिरणी बंद झाली. हौद बुजवले. आम्ही काष्टीला परत आलो. दगडू त्याआधीच वारला होता, झोपेत. चंद्राचा नवरा लढाईवरून धडधाकट परत आला आणि त्यानं दुसरं लग्न केलं. भिवाला मी पुढं कितीतरी वर्षांनी राजूरच्या बाजारात पाहिलं, लाकूड विकत होता. म्हातारा झाला होता, पण मला लांबून ओळखलं त्यानं.

त्या हौदात दोघं उतरली होती. भिवा वाचला.